शेठचं आयर्लंड

हे कुणाला सांगायचं नाही, असं बाबांनी बजावलंय. पण उल्हासनगरच्या ज्या फर्निचरच्या दुकानात ते मिस्त्री आहेत, तिथे रोज एक नवं खोटं जमा होतं. डबा घेऊन जाते मी, त्यामुळे ऐकावंही मलाच लागतं. सांगायचं नाही, म्हणून या वहीत लिहितेय.

दुकानाच्या मागच्या शेडमध्ये बाबा साध्या लाकडावर भारी लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनियर, चिकटवून कपाटं बनवतात. पुढे शेठ गिऱ्हाइकाला सांगतात, "आयर्लंड का है. सौ साल पुराना. जहाज से आया." जहाज! शेडमधून दुकानात, एवढाच त्याचा प्रवास.

*

कपाट जुनं दिसावं म्हणून बाबा त्यावर किल्ल्यांचा जुडगा आपटतात, दाभणाने किडीची भोकं पाडतात. घरी मात्र टेबलावर माझ्या कंपासचा ओरखडा उठला की ओरडतात. आई एकदा म्हणालीच, "दिवसभर तेच करून येता, मग पोरीला कशाला बोलता?"

*

एका साहेबांना कलर टीव्ही मावेल असं जुनं आयरिश कपाट हवं होतं. पंधरा दिवसांत शेठनी दाखवलं. शंभर वर्षांपूर्वीचं, टीव्हीच्या वायरीला मागे भोक असलेलं. साहेब खुशीत घेऊन गेले.

*

ठाण्याच्या एका बाईंच्या कपाटाचा पापुद्रा सुटला. खाली मराठी पेपर, त्यात कांद्याचे भाव. शेठ म्हणाले, मिस्त्रीने रिपेअरमध्ये बिघडवलं. मग बाबांना त्या बाईंची माफी मागायला लावली. स्वतः बनवलेल्या कपाटाला हात लावल्याबद्दल!

*

शेठकडे एक खरंखुरं आयरिश कपाट होतं. बाबांनी ते बघून तसंच दुसरं बनवलं. मुंबईहून जुन्या वस्तूंचे एक जाणकार आले. दोन्हींवरून बोटं फिरवून त्यांनी बाबांचं कपाट निवडलं.

"हे अस्सल. ते दुसरं इथलं. आपल्या मिस्त्रींना असं काम जन्मात जमायचं नाही."

बाबा शेजारीच फडकं घेऊन उभे होते. मी कधी कुणासमोर तोंड उघडत नाही, पण तेव्हा बोलले. "हे माझ्या बाबांनी बनवलंय."

त्या जाणकारांनी बाबांकडे वळून विचारलं, "खरं का हो?"

बाबांनी शेठकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही.

"पोर लहान आहे, साहेब. कपाट आयर्लंडचंच आहे."

तेव्हापासून मी डबा नेते, पण बाबांशी बोलत नाही. आत्ता तेच बाहेरून हाक मारतायत, "सुमे, जरा फळीचं टोक धर गं," आणि मी ही वही मिटतेय.