गुरुवारचा सुरुंग

माझा जीव वाचवला तो एका म्हातारीनं. चाकणच्या पट्ट्यात डोंगराच्या उतारावर दगडखाणीचं एक जुनं गाव आहे, तिथली ती. सत्तरीच्या पुढची, पुढचे दोन दात पडलेली. तिनं मला वाचवलं ते पाठीत दांडका घालून. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या दिवशी मार इतका बसला की तिचा मार वेगळा होता हे माझ्याच ध्यानातून निसटायचं.

आम्ही दोघं फिरायला गेलो होतो, मी आणि माझा रूमपार्टनर. मी नांदेडकडचा, तो लातूरचा. निघोज्यात एका खोलीत राहतो, एकाच कंपनीत पत्रा दाबायचं प्रेस मशीन चालवतो. माझी शाळा नववीतच सुटली. तो बारावी झालाय, म्हणून कुठं जायचं ते तोच ठरवतो. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवले : काळ्या दगडाची घरं, कातळात छिन्नीनं काढलेल्या पायऱ्या, जुन्या खाणीत साचलेलं हिरवं पाणी, काठावर गॉगल लावून बसलेली पोरंपोरी. इथला दगड म्हणे जुन्या पुलांना आणि देवळांना गेलाय.

"रविवारी लय पब्लिक असते," तो म्हणाला. "आपण गुरुवारी जाऊ. सगळं मोकळं मिळतंय बघ."

आमच्याकडं कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. चुकलं ते तिथंच. लोक रविवारी जातात, कारण रविवारी खाण बंद असते. जुन्या खाणीच्या मागच्या अंगानं तो डोंगर अजून फोडतात, हे फोटोत कुठं दिसतं?

पोचलो तर गावात चिटपाखरू नव्हतं. घरांचे पत्रे जागोजागी चेपलेले. एकाला तर मुठीएवढं भोक.

"गारा पडल्या असतील," म्हणत त्यानं त्याचाही फोटो काढला.

मला ते भोक काही गारेचं वाटेना. पण मला धोका कुठंही दिसतो. एकाची चार बोटं प्रेसखाली गेलेली बघितल्यापासून शिफ्टला जाताना रोज दिसतो. पण दरवेळी "चल परत" म्हणायचं तर तो हसतो, म्हणून त्याच्या मागं जुन्या खाणीच्या पाण्यापर्यंत गेलो.

तो पाण्याकडं पाठ करून सेल्फी काढत होता आणि भोंगा झाला.

कंपनीत हे आमच्याकडून घोटून घेतलंय. धोक्याचा भोंगा झाला की हातातलं टाकायचं, छपराखालून बाहेर पडायचं, मोकळ्या मैदानात जाऊन उभं राहायचं. सेफ्टीवाला घड्याळ लावून बघतो. उशीर झाला की सगळ्यांसमोर आईबापाचा उद्धार. त्यामुळे डोक्याला विचारायच्या आधी पाय पळाले. शेजारीच एका घराची दगडी पडवी होती, ती सोडून आम्ही उघड्या माळावर जाऊन शहाण्यासारखे उभे राहिलो.

पाठीत काड्कन बसली. मी तोंडावर आपटलो, ओठ फुटला. वळून बघतो तर म्हातारी, हातात दगड फोडायच्या घणाचं नुसतं दांडकं, लोखंड निघालेलं.

"मुडद्या, मरायचंय व्हय? पळ तिकडं कपारीत!"

"मावशी, मैदानातच थांबायचं असतंय," मी म्हणालो. खरंच असं म्हणालो.

तिनं दुसरी मांडीवर ठेवून दिली. मग कॉलर धरून मला ओढत कपारीत कोंबलं आणि माझ्यावर स्वतःला रेटलं. रूमपार्टनर आमच्या मागं घुसत होता, तोवर डोंगर फुटला.

आवाज कानाला नाही, छातीला लागला. मग दगड यायला लागले. झाडाची फांदी मोडली, पत्रे वाजले. आम्ही उभे होतो नेमक्या त्या जागी कळशीएवढा धोंडा येऊन रुतला. एक धारदार टवका रूमपार्टनरच्या खांद्यात घुसला. तो गुरासारखा ओरडला.

धूळ खाली बसायच्या आत खाणीचा मुकादम दोन गड्यांना घेऊन धावत आला. त्यानं रक्त बघितलं नाही, मोबाइल बघितला.

"व्हिडिओ काढायला आलाव? खाण बंद पाडायची हाय?"

मोबाइल दगडावर आपटला. रूमपार्टनरच्या दुखऱ्या खांद्याच्या बाजूनंच थोबाडीत दिली. मी मधे गेलो तर बरगडीत लाथ. दुसरी लाथ उचलली तेव्हा म्हातारी दांडकं उगारून आडवी झाली.

"हात लाव आता. टकुरंच फोडते तुजं."

"आजी, तू बाजूला हो."

"न्हाई व्हत. भोंग्याआधी लाल फडकं घिऊन डोंगराला फेरी मारायची असती. आज कोन फिरलं? सांग की! माजा म्हातारा असाच धोंड्याखाली माळावर ऱ्हायला. त्या दिशी बी कोन फिरलं न्हवतं."

मुकादमाचा पाय खाली आला. गडी एकमेकांकडं बघायला लागले. कोणीच फिरलं नव्हतं.

ते गेल्यावर तिनं लुगड्याचा पदर टराटरा फाडला, जखमेत घरातली हळद भरली आणि खांदा आवळून बांधला. तो कण्हत होता. ती त्याला म्हणाली, "फोटू चांगला आला का रं?" त्या हालतीतही तो हसला. पुढं निगडीच्या दवाखान्यात त्याला नऊ टाके पडले.

निघताना तिच्या दारातून आत डोकावलो आणि कळलं, ते मुठीएवढं भोक तिच्याच घराला होतं. त्याच्या बरोबर खाली तिची खाट.

"मावशी, पाऊस आत येत असंल."

"पान्याचं काय भ्या हाय?" ती म्हणाली. "दगडाचं हाय."

मी तिचे पाय धरले. तिनं दांडक्यानंच ढकललं. "जा आता. सांजच्याला आनखी एक सुरुंग हाय."

सुट्टीच्या दिवशी मी आता तळवड्याच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग शिकतोय. जोडाची शिवण अजून वाकडी येते. उस्ताद म्हणतो, येईल. सरळ यायला लागली की जाड लोखंडी प्लेट घेऊन त्या डोंगरावर जाणार, आणि मावशीच्या खाटेवर असं छत जोडून देणार की कळशीएवढा धोंडा पडला तरी तिची झोप मोडायची नाही. जाणार मात्र रविवारी, एका दिवसाचा पगार कापला गेला तरी.