दादाला आणायला पाठवलेली गाडी

गाडी बुक करण्यात माझ्याकडून एकही चूक झाली नव्हती, हे आधीच सांगून टाकते. बुलढाण्यातल्या एका सरकारी कचेरीत माझी तीस वर्षं लोकांचे कागद तपासण्यात गेली आहेत. कुठे सही राहिली, कुठे शिक्का पुसट उमटला, हे मला चष्म्याशिवायही दिसतं. त्यामुळे त्या दिवशी जे झालं त्याचं खापर फोडायला मला दुसरं डोकं सापडलं नाही.

लेकीचं लग्न गोव्यात, समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये करायचं हे तिनं आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं बंगळुरात बसून ठरवलं. आम्हाला तारीख कळवली. मी आठ दिवस तोंड फुगवून बसले आणि नवव्या दिवशी कामाला लागले. बाकी सगळे तीन दिवस आधी जाणार होते. प्रश्न होता तो माझ्या थोरल्या भावाचा. दादा साखरखेर्ड्याला असतो, आमच्या माहेरच्या घरी. सत्तरी ओलांडलेला, वहिनी गेल्यापासून कमी बोलणारा. तेव्हा त्याच्या शेतातला कापूस वेचणीला आला होता. मी म्हटलं, आमच्याबरोबरच चल. तर म्हणाला, "लग्नाच्या दिवशी येतो ना बाई. आधी येऊन काय समुद्राले पाणी देऊ?"

मग असं ठरलं की भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, त्याला दुसरबीडजवळून समृद्धी महामार्गानं नागपूरला नेईल आणि विमानात बसवून कापसासाठी परत येईल. दादाचं ते पहिलंच विमान. गोव्यात उतरल्यापासून पुढची जबाबदारी माझी.

आणि दादा वेळेवर पोहोचणं गरजेचंच होतं. आमच्याकडे नवरीला हात धरून बोहल्यावर मामा नेतो आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. माझ्या लेकीला सख्खा मामा हा एकच. लहानपणी ती त्याच्या पाठीवर बसून साखरखेर्ड्याचा आख्खा बाजार फिरलेली आहे. समुद्र, फुलं, फोटोवाले सगळं तिनं तिच्या मनासारखं केलं, पण गावाकडची एकच गोष्ट मागितली होती. मामा पाहिजे.

म्हणून मी ती गाडी बुक केली. स्वयंपाकघरात भाजी शिजत होती आणि मी ओट्याला टेकून मोबाईलवर एकेक रकाना भरत होते. गोव्यात दोन विमानतळ आहेत हे मला तेव्हा कळलं, त्यातला बरोबर तोच निवडला. विमानाचा नंबर घातला. दादाला मागच्या सीटवर मळमळतं, म्हणून पुढची सीट रिकामी ठेवा असं लिहिलं. एसी बेताचा. गाडीवाल्याच्या हातात पाटी हवी, पाटीवर दादाचं नाव हवं, आणि तेही मराठी अक्षरांत, मोठं. बुकिंगचा कागद आला त्याच्या तीन प्रती काढल्या. एक भाच्याकडे दिली, एक माझ्या पर्समध्ये, एक घरी कपाटात. ती कपाटातली अजून तिथेच आहे.

दादाला फोन करून सगळं समजावलं. बाहेर आलास की माणूस पाटी घेऊन उभा असेल, तू फक्त गाडीत बस.

"हाव," तो म्हणाला. मग, "अन् आपलं कोण राहीन तिथं?"

"कोणाची गरजच नाही दादा. खासगी गाडी आहे. थेट दारात आणून सोडते."

"हाव," तो पुन्हा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. फाईलवर शेरा लिहिलेला असावा आणि तो न वाचताच आपण सही करून मोकळं व्हावं, तसं मी केलं.

लग्नाच्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला गाडीवाल्याचा फोन आला. मुहूर्त संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांचा होता, सूर्य मावळतानाचा. मी लेकीच्या खोलीत तिच्या हातात चुडा भरत होते. गाडीवाला म्हणाला, "मॅडम, अंकल मिल गये. लेकिन गाड़ी में बैठ नहीं रहे."

मला वाटलं, घाबरला असेल. मी फोन त्याच्याकडे द्यायला सांगितला.

"दादा, बस ना गाडीत. तीच आहे आपली गाडी."

"गाडी चांगली हाये," तो शांतपणे म्हणाला. "डायवरही चांगला हाये बिचारा. पण मी इथं बाकावर बसलो आहो. आपलं कोणी न्यायले आलं की येतो."

"इथून दोन तास लागतात! इथे सगळे कामात आहेत."

"मंग कामं आटपा. मले काही घाई नाही."

मी विनवण्या केल्या. लेकीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि मामा, मामा म्हणत लाडीगोडी लावली. तिला म्हणाला, "माय, तुह्या लग्नाले मी आलो, म्हणून तर इथं बसलो. पण मांडवापर्यंत न्यायचं काम तुह्या मायचं हाये." लेक माझ्याकडे बघायला लागली. घड्याळात पावणेदोन झाले होते. माझा तोल गेला. मी फोन ओढून घेतला आणि ओरडले, "दादा, लहान पोरासारखं काय चालवलंय? एवढी चांगली गाडी पाठवली, अजून काय करायचं मी?"

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "म्या तुले आणायले कधी डायवर धाडला का बे?" एवढंच म्हणाला.

मला दादानं जन्मात कधी बे म्हटलं नव्हतं. मी तिथेच पलंगावर बसले.

आमच्याकडे सासरी दिलेल्या लेकीला सणासाठी माहेरी न्यायला घरचं माणूस येतं. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय लेक उंबरा ओलांडत नाही, मग माहेर कितीही जवळ असो. माझा मुराळी कायम दादा. लग्नानंतरची पहिली वीस-बावीस वर्षं, दर दिवाळीला, साखरखेर्ड्याहून चिखली आणि चिखलीहून बुलढाणा, एसटीनं. धोतराचा सोगा हातात धरून दारात उभा राहायचा. आत ये म्हटलं तर येत नसे, चहा ठेवते म्हटलं तर नको. "चाल बाई, पायात घाल. गाडी निघून जाईन." दरवर्षी हेच वाक्य. एका वर्षी अंगात ताप घेऊन आला होता. एसटीत माझ्या लेकीला मांडीवर घेऊन बसला आणि सबंध वाट कण्हत होता. मी म्हटलं, मुलाला पाठवायचं होतंस. तर म्हणे, त्याले काय समजते.

मग सहा वर्षांपूर्वी मी स्वतःची गाडी घेतली आणि मोठ्या तोऱ्यात त्याला फोन केला. दादा, आता तू येऊ नकोस, माझी मी येते. तेव्हाही तो "हाव" असंच म्हणाला होता.

नवरा म्हणाला, त्याच्या चुलतभावाला पाठवू. तो सूट घालून तयार होऊन बसलाच होता. मी नको म्हटलं. चूक काय झाली हे कळल्यावर तीच पुन्हा दुसऱ्याच्या हातून कशाला करायची? मी जाते, म्हटलं. नवरीची आई लग्नाच्या दिवशी निघाली कुठे, असं नवऱ्यानं विचारलं तेव्हा मी त्याला आठवण करून दिली की आमच्यात मंगलाष्टकं होताना नवरीची आई तिथे नसतेच, ती तुळशीला पाणी घालत बसते. त्यासाठी रिसॉर्टवाल्यांनी एक कुंडीही आणून ठेवली होती. माझ्यावाचून लग्न अडणार नव्हतं. दादावाचून अडणार होतं.

पण जायचं कशानं? रिसॉर्टच्या गाड्या वरपक्षाला आणायला गेल्या होत्या. मोबाईलवर पुन्हा तेच रकाने भरले. एकानं रद्द केलं, दुसऱ्यानं फोनच उचलला नाही, तिसरा गाडी सातला मिळेल म्हणाला. अंगावर पैठणी, केसात अर्धी वेणी माळलेली, आणि मी फाटकाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे हात करत होते. आयुष्यात इतकं लाचार मला कधी वाटलं नाही. शेवटी फुलांची सजावट करणाऱ्यांचा रिकामा टेम्पो परत निघाला होता, त्याला मी अक्षरशः आडवी गेले. तो विमानतळाच्या बाजूलाच जाणार होता. पायाशी झेंडूचा पाचोळा घेऊन मी पुढे बसले. पावणेतीन झाले होते.

टेम्पो चढावर कुंथायचा. दर वळणाला मी हिशेब करायचे, साडेचारला पोहोचलो तर सव्वासहाला परत. दहा मिनिटं गुरुजी थांबतील. थांबतीलच. आणि नाही थांबले तर? दादाचा राग यायचा, मग स्वतःचा यायचा, मग पुन्हा दादाचा. एका पुलावर गाड्या तुंबल्या होत्या तेव्हा मी चक्क रडले. टेम्पोवाल्यानं पाण्याची बाटली पुढे केली.

विमानतळावर पोहोचायला चार चाळीस झाले. बाहेरच्या बाकावर दादा बसला होता. नवं धोतर, नवी टोपी, मांडीवर पिशवी, पायातल्या चपला काढून बाजूला ठेवलेल्या. पाय सुजले होते. शेजारी तो गाडीवाला बसला होता, दुसरं भाडं सोडून. मराठी अक्षरांची ती पाटी दोघांच्या मधे उभी केलेली.

येताना वाटभर मी बोलायला खूप काही जमवलं होतं. ते सगळं मी सोडून दिलं. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "चाल दादा, पायात घाल. गाडी निघून जाईन."

त्यानं वर बघितलं. पैठणीवरून, अर्ध्या वेणीवरून त्याची नजर फिरली. "आली का," म्हणाला आणि चपला शोधायला लागला. उठताना त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. मी हात दिला.

गाडी तीच होती, मी बुक केलेली. दादा पुढच्या सीटवर बसला नाही. माझ्याजवळ मागे बसला.

पावणेसहाला नवऱ्याचा फोन आला. आम्ही अजून अर्ध्या वाटेच्या थोडं पुढे होतो. गुरुजींना पुढे दुसरं लग्न लावायचं होतं, सूर्य खाली चालला होता, वरपक्ष चुळबुळत होता. लेक अडून बसली होती, मामा आल्याशिवाय उठत नाही म्हणून. नवरा म्हणाला, "तूच सांग तिला काय ते." मी तिला सांगितलं, बेटा, ऊठ. चुलतकाकाला म्हणावं मामा म्हणून उभा राहा. तिनं फोन बंद केला.

दादानं सगळं ऐकलं होतं. तो खिडकीकडे वळला. मग म्हणाला, "माहे गुडघे सहा वर्षांआधीच गेले होते बाई. यष्टी चढणं होत नव्हतं. तू म्हणली, येऊ नको, तं मले बरंच वाटलं." त्यानं गुडघ्यावरून हात फिरवला. "पण मंग तू एकदाबी 'ये' असं नाही म्हणली."

मी त्याच्या मांडीवरची पिशवी घेऊन माझ्या मांडीवर ठेवली. गाडीवाल्यानं वेग वाढवला, पण आता त्याचा उपयोग नव्हता, हे त्यालाही कळत असावं.

रिसॉर्टच्या आवारात गाडी थांबली तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. लेकीनं बराच वेळ ताणून धरलं असावं, कारण लाऊडस्पीकरवर शेवटचं मंगलाष्टक अजून चालू होतं. मांडव तिथून दिसत नव्हता, मधे नारळाची झाडं आणि एक भिंत. मी धावणार होते. दादानं माझा दंड धरला. "नवरीच्या मायनं पाहू नाही," म्हणाला. तिथेच, गाड्यांच्या रांगेत, त्यानं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आमच्या शेतातल्या ज्वारीच्या अक्षता होत्या, हळद लावलेल्या. अर्ध्या त्यानं माझ्या मुठीत दिल्या.

सावधान म्हटल्याबरोबर त्यानं आवाजाच्या दिशेनं हात उडवला. मीही उडवला. ज्वारीचे दाणे आमच्या गाडीच्या टपावर पडले आणि काचेवरून घरंगळत खाली आले. पलीकडे वाजंत्री सुरू झाली.

दादानं टोपी काढून कपाळ पुसलं, पुन्हा टोपी घातली.

"झालं लगीन," तो म्हणाला. "आता मले पोरीजवळ घेऊन चाल. मले वाट माहीत नाही."