जुना पार्ट देखाड

माझ्या मेव्हण्याने मला जेवढी लाज आणली तेवढी सगळ्या खान्देशात कोणी कोणाला आणली नसेल. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ, सोनगीरला राहतो. माणूस वाईट नाही. दारू नाही, तंबाखू नाही, कोणाच्या अध्यात-मध्यात नाही. पण गॅरेजात शिरला की त्याच्या अंगात येतं. धुळ्यापासून जळगावपर्यंत असा मिस्तरी नाही की जो त्याला लांबून बघून हातातला पाना खाली ठेवत नाही.

गाडी दुरुस्तीला टाकायच्या आदल्या दिवशी तो बायकोचं नेलपॉलिश घेऊन बसतो आणि प्लग, चेन, बॅटरी, आरसा, सगळ्यावर लाल ठिपके देतो. का, तर मिस्तरीने चांगला माल काढून भंगार बसवू नये. गाडी नवरीसारखी दिसते आणि बायको कोऱ्या नखांनी लग्नाला जाते. गॅरेजात हा मिस्तरीसमोर पोतं अंथरून बसणार, आणि काय काय करणार, किती घेणार, ते त्याच्याकडून मोठ्याने वदवून घेणार, शाळेत पाढे म्हणवून घेतात तसं. मधेच मिस्तरी म्हणाला, "नाना, क्लचप्लेट पण गेलीय," की हा उठून उभा. "सकायले म्हनना नही, मंग आते कशी गई? जुना पार्ट देखाड!" बरं, नुसता दाखवून भागत नाही, तो घरी न्यायचा असतो. त्याच्या घरी माठाखाली क्लचप्लेट आहे आणि पापडाच्या डब्यावर ब्रेकशू. एकदा आम्ही दोघं जळगावला लग्नाला गेलो, तर गावात शिरताना केबल तुटली. मिस्तरीने नवी लगेच टाकली, पण तुटलेली मिळेपर्यंत हा हलेना. तिकडे अक्षता पडून गेल्या. शेवटी ती तेलकट केबल गुंडाळून खिशात घालून मांडवात आला, मुलीच्या बापाने मिठी मारली, आणि त्या बापाच्या पांढऱ्या सदऱ्यावर काळा साप उमटला. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

अशा वेळी मी समोरच्या टपरीवर जाऊन, त्याच्याकडे पाठ करून चहा प्यायचो. आमच्या धुळ्याच्या गॅरेजसमोरच्या चहावाल्याने एकदा विचारलंच, "आबा, ते तुमच्यासोबतचे ना?" मी म्हटलं, "नाही बा, कोण आहे कोणास ठाऊक." घरी येऊन हे हसत सांगितलं, तर बायको तव्यावरची भाकरी विसरून माझ्याकडे बघत राहिली. "तो भांडस तरी. तुम्ही ते तोंडच उघाडतस नही. बठ्ठा तुम्हले लुटी लेतस." खरंच होतं, सगळेच मला लुटायचे. मी आपला "जे लागेल ते कर बाबा" म्हणून गाडी टाकून यायचो आणि सांगेल तो आकडा देऊन मान खाली घालून परत.

ती गेली त्याला वर्ष व्हायचंय. ती गेल्यावर माझी गाडी वाजायला लागली. मागच्या चाकाजवळ साडी अडकू नये म्हणून जाळी असते ना, ती. तिचा एक नट कधीचाच पडलेला. ही मागे बसली की पाय त्या जाळीवर दाबून ठेवायची, आणि एकटा मी गाडी क्वचितच काढायचो, म्हणून इतकी वर्षं आवाज जाणवला नव्हता. हे मला तेव्हा कुठे कळलं. तो खडखडाट मला सोसेना. मिस्तरीला म्हटलं, "जे वाजतंय ते बंद कर." संध्याकाळी गेलो तर जाळीच नाही. तो म्हणाला, "आबा, आता मागे कोण बसतंय? काढून टाकली." भला माणूस आहे, वाईट मनाने बोलला नाही. आणि मी काय बोललो असेन? "बरं केलंस." वर पैसेही दिले.

पुढच्या आठवड्यात मेव्हणा एसटीने आला. दारातली गाडी बघितली आणि उंबऱ्याबाहेरच थांबला.

"दाजी, जाळी कोठे शे?"

"मोडली."

"मंग मोडेल जाळी कोठे शे?"

त्याने मला मागे बसवलं आणि गाडी थेट गॅरेजात घातली. मी सवयीने टपरीकडे वळलो. मागून त्याचा आवाज आला, "कोनले इचारीसन काढी रे?"

"आबांनीच सांगितलं, आवाज बंद कर म्हणून!"

"आवाज बंद कर म्हननात, जाळी काढ म्हननात का? मनी बहीननी जाळी शे ती!"

माणसं जमली. साठीचा माणूस गुडघ्यावर बसून भंगाराचा ढीग उपसत होता आणि त्याचा आवाज फाटला होता. चहावाल्याने कप पुढे केला. "आबा, हे तुमचे कोण?"

"माझ्या बायकोचा भाऊ," मी म्हटलं. चहा तिथेच ठेवला, जाऊन त्याच्या शेजारी बसलो आणि ढिगात हात घातला. लाज तेव्हाही वाटत होती, पण माझी मलाच.

जाळी सापडली. मेव्हण्याने काढायची मजुरी परत मागितली, ती काही मिळाली नाही. सगळ्यांच्या चहावर मिटलं. मिस्तरी ओशाळून म्हणाला, "नवा नट टाकतो, आता वाजणार नाही."

"नट नको टाकू," मी म्हटलं. "होती तशीच बसव." आयुष्यात पहिल्यांदा मिस्तरीला काय करायचं आणि काय नाही ते मी तोंडाने सांगितलं. मेव्हणा माझ्याकडे बघत राहिला, अगदी बहिणीसारखा.

त्याला सोनगीरला सोडायला गेलो. गुडघा दुखतो म्हणून तो मागे एका बाजूला बसला, पाय जाळीवर. हायवेभर कसलाच आवाज नव्हता. त्याला दारात उतरवलं आणि परत फिरलो. सोनगीरचा किल्ला मागे पडायच्या आत जाळी वाजायला लागली. घरापर्यंत वाजत होती. मी वाजू दिली.