थंड बिअर आणि अर्धा दात

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर एक बाटली बिअर चाखली. हसू नका. गावाकडचे तुम्ही सगळे तिच्या मातीला आलात, माझं सुजलेलं तोंड बघून गेलात. माझ्यासारखे गाव सोडून भोसरीत आलेले, त्यांनीही बघितलं. म्हणून लिहितो.

आमचा पोरगा दत्ता चाकणच्या कंपनीतनं ट्रेनिंगला जर्मनीला गेला होता. येताना तिथली पिल्सनर बिअर घेऊन आला. मी बावीस वर्षं थेंब घेतला नव्हता. दत्ताची माय म्हणाली, "आणलीच हाय तर बघू. पण मी वतनार. आन किती, ते बी मीच ठरवनार." आणि टेबलावर ग्लासाशेजारी तिनं वरवंटा आणून ठेवला. गमतीनं.

वरवंट्याचं सांगतो. लातूरकडनं निघालो तेव्हा एसटीच्या टपावर आमची पेटी, आणि पायाशी हिचा पाटा-वरवंटा. सासरा खिडकीपाशी येऊन एवढंच बोलला, "पोरीला उपाशी ठिवा जावई, पन हात लावू नका."

उपाशी ठेवली नाही. हात लावला. भोसरीत पत्र्याची खोली. पॉवर प्रेसची शिफ्ट सुटली की देशी मारायची, आणि घरी येऊन तिला. प्रेस पत्र्यावर पडते तसा हात पडायचा, न बघता. एकदा उंबऱ्यावर आपटली, पुढचा दात अर्धा तुटला. चाळीत तिनं सांगितलं, मोरीत पडले. बापालाही तेच सांगितलं. पुढं एक दिवस मी कमरेचा पट्टा काढला आणि तिनं हाच वरवंटा माझ्या खांद्यात घातला. हाड मोडलं. प्लास्टर होतं तोवर प्यायला हात नव्हता, प्लास्टर निघालं तोवर छाती राहिली नव्हती.

तर बिअर. पोरानं सांगितलं तसा काचेचा ग्लास तिरपा धरून तिनं ओतली. रंग करडईच्या तेलासारखा, आरपार दिसणारा. फेस दोन बोटं उभा राहिला, बसेचना. वास घेऊन ती म्हणाली, वल्या कडब्याचा येतोय. मी घोट घेतला. देशीसारखी घसा जाळत नाही. कडू लागते, पण गिळली की तोंड साफ. मी पास केली.

तिनं घोट घेतला. "पाडव्याच्या कडू लिंबापरीस बरी," म्हणाली, आणि गाल धरून बसली.

मी विचारलं, काय झालं?

"गार लागलं. भोसरीचा दात."

हसत म्हणाली. माठाचं पाणीही ती कोमट करून प्यायची. मला वाटायचं, सवय असेल. माझ्या तोंडात एक शब्द आला होता. चुकलो म्हणायचं होतं. म्हटलं, उद्या म्हणू. तिनं बाटलीच्या तोंडावर वाटी पालथी घातली, उरलेली फ्रिजमध्ये ठेवली. म्हणाली, उद्याला राहू द्या.

तुम्ही म्हणता, आता गावी या. कशाला? पाटा फुटला, मिक्सर आला, गावचा एवढा एक दगड राहिला. माझं घर म्हणजे ती बाई. जिला मी मारली, ती.

सकाळी ती उठली नाही. हात लावला तर गार. झोपेतच गेली. दत्ता फर्स्ट शिफ्टला गेलेला. त्याला फोन करायच्या आधी मी वरवंटा उचलला, आरशासमोर उभा राहिलो आणि स्वतःच्या पुढच्या दातावर घातला. पहिल्यांदा नुसता ओठ फाटला. दुसऱ्यांदा तुटला. मग फ्रिजमधली बाटली काढली. फेस मेला होता. थंडगार घोट त्या दातावर धरला. कळ पार मस्तकात गेली. मी सोडला नाही. धरून ठेवला.

मग फोन केला. दत्ता आला, शेजारची बाई आली. माझ्या सदऱ्यावर रक्त बघून दत्तानं विचारलं, "बाबा, तोंडाला काय झालं?"

"मोरीत पडलो," मी म्हणालो.