हलका चाप आणि खंडेनवमीचं तेल

रायफलीला बाहेरून आणलेला हलका चाप बसवला म्हणजे आपण मोठे नेमबाज झालो, असं मानणाऱ्या माणसांचा मला आजही संताप येतो. चाप बसवायला दोन स्क्रू आणि अर्धा तास लागतो. तो सांभाळायला रोजचा हात लागतो, आणि हात लावायची वेळ आली की ही माणसं खिशात हात घालून उभी राहतात. मी अशा माणसांच्या पायी माझी रेंज, माझं नेमबाजीचं मैदान, घालवली, म्हणून मला हे बोलायचा हक्क आहे.

दुष्काळाच्या पाठची ती वर्षं. उस्मानाबाद जिल्ह्यात त्या काळात जिकडंतिकडं सहकार निघाला होता. आमच्या साखर कारखान्यात ऊस कमी आणि समित्या जास्त अशी गत होती. चेअरमनसाहेबांना शिकारीचा नाद होता. शिकारीवर बंदी आली, तेव्हा त्यांनी कारखान्याचा रायफल क्लब काढला. रेंजसाठी जागा शोधावी लागली नाही. बहात्तरच्या दुष्काळी कामावर खोदलेला पाझर तलाव गावाबाहेर कोरडा पडला होता. त्याचा बांध इतका जाड की गोळी पलीकडं जायची शक्यताच नव्हती. बांधाखाली टार्गेटं, टार्गेटांपुढं माणूस बसेल असा खड्डा, आणि खड्ड्यापुढं मातीचा वरंबा. शिट्टी झाली की खड्ड्यातल्या माणसानं वर येऊन टार्गेट बदलायचं, दुसऱ्या शिट्टीला परत खाली बसायचं. तो माणूस म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आबा कारखान्यात कामगार होते, हंगाम नसला की त्यांना रेंजवर पाठवायचे.

मी तालुक्याच्या कॉलेजात एनसीसीत होते. तिथं पहिल्यांदा पॉइंट टू-टू रायफल हातात आली आणि मला ती येते हे कळलं. येते म्हणजे काय, सांगता येणार नाही. श्वास सोडला की काळं वर्तुळ आपोआप थांबायचं. जिल्ह्याच्या संघात मुली हव्या होत्या आणि क्लबात एकही नव्हती, म्हणून साहेबांनी मला घेतलं. बौद्धवाड्यातली पोरगी कारखान्याची रायफल चालवते, यावर काहींनी नाकं मुरडली. पण माझी टार्गेटं बघून ती नाकं जाग्यावर आली. घरात मला दुसऱ्या कशाचाही मान नव्हता, आणि बाहेर तर त्याहून नव्हता. रेंज तेवढी माझी होती.

क्लबात तीन रायफली. तिन्हींचे चाप जड, दाबताना पहिल्या पहिल्यांदा बोट दुखायचं. पण ते चाप कशालाही दाद द्यायचे नाहीत. आत फुफाटा जाऊ दे, आठ दिवस पुसू नका, ते आपलं काम करायचे. मग साहेबांच्या पुतण्यानं मुंबईहून एक हलका चाप आणला आणि आमच्यातल्या सर्वांत चांगल्या रायफलीला, म्हणजे मी चालवायचे तिला, स्वतः बसवला. खोटं कशाला बोलू, चाप सुरेख होता. नुसता विचार केला की सुटायचा. माझी टार्गेटं आणखी सुधारली.

पण तो चाप लाडावलेला होता. आतले दोन पोलादी दात एकमेकांत अडकतात, त्यावर सगळा खेळ. जुन्या चापात ते चांगले जाडजूड अडकायचे. नव्यात नखाच्या कडेएवढे. त्यातून पॉइंट टू-टूची गोळी मुळात घाण करणारी. शिशावर मेणचट लेप असतो, दारूची काजळी असते, आणि ते सगळं बोल्टच्या, म्हणजे गोळी आत बंद करणाऱ्या दांड्याच्या, खालून चापात झडतं. दातांमध्ये थोडी जरी घाण बसली तर ते पुरते अडकत नाहीत, आणि मग रायफल कधी सुटेल याचा भरवसा नाही. म्हणून दर खेपेला चाप काढायचा, पेट्रोलनं धुवायचा, सायकलच्या पंपानं फुंकायचा आणि कोरडा बसवायचा. तेल अजिबात नाही. हे मी सोलापूरच्या शिबिरात शिकून आले होते आणि न चुकता करायचे. पुतण्यानं ते एकदाही केलं नाही. मला बघून तो हसायचा.

“काय गं, भांडी घासल्यागत घासतीस? मुंबईचा माल हाय तो, त्याला काय व्हत न्हाय.”

मग नवरात्र आलं. खंडेनवमीला कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची, त्यात क्लबाच्या रायफलीही. आमच्या घरातून देव छप्पन्नच्या धर्मांतरानंतर गेले होते. पूजेच्या वेळी मी मागं, दाराजवळ उभी राहायचे. कुणाला अडवायचं नाही, आपण पुढं व्हायचं नाही, हे आबांनी शिकवलेलं. जुन्या चापांना हळदकुंकवानं काही झालं नव्हतं, म्हणून मीही कधी बोलले नव्हते.

त्या वर्षी साहेबांनी हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवले, अक्षता टाकल्या. मग पुतण्यानं घाण्याच्या करडईच्या तेलाची वाटी उचलली. आमच्याकडं करडईचं तेल कशालाही चालतं. दाराच्या बिजागरीला, शिवणयंत्राला, मोटेच्या चाकाला. त्यानं ते बोल्टच्या फटीतून हलक्या चापावर ओतलं, खालून ठिबकेपर्यंत. तेलाबरोबर हळद, कुंकू, सगळं आत गेलं. करडईचं तेल उघड्यावर सुकलं की त्याचा चीक होतो, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. तव्याची कड बघा.

मी न राहवून म्हणाले, “साहेब, ह्या चापाला तेल चालत नाही. मला आजच उघडून धुऊ द्या.”

पुतण्या म्हणाला, “पूजा झाल्याली वस्तू हाय. कोजागिरीपर्यंत पुसायची न्हाय.”

असा नियम मी जन्मात ऐकला नव्हता. त्यानं तो त्याच क्षणी तयार केला होता. साहेबांनी मान डोलावली, रायफली कपाटात गेल्या आणि किल्ली पुतण्याच्या कमरेला. मी नंतर तीन वेळा मागायला गेले. तिन्ही वेळा तो नव्हता.

दसऱ्यानंतर, कोजागिरीच्या आतच, जिल्हा संघाची निवड आमच्या रेंजवर ठेवली होती. रायफल मला त्या सकाळी हातात मिळाली. उघडायला वेळ मागितला, मिळाला नाही. म्हणून रिकामं टरफल घालून चाप दाबून बघितला, पुन्हा पुन्हा. दरवेळी नीट सुटला. पहिल्या गोळ्याही बरोबर गेल्या. पण ऑक्टोबरचं ऊन, झाकण नाही, झाड नाही. रायफल हाताला चटके देत होती, आणि आतला चीक त्या उन्हात घट्ट होत होता, हे मला दिसणार कसं?

शिट्टी झाली होती, आबा खड्ड्यात होते. गोळी भरताना मी नळी नेहमी समोरच्या मातीकडं झुकवायचे. तशी झुकवली, गोळी घातली, बोल्ट बंद केला. माझं बोट चापाच्या बाहेर, लाकडावर होतं. आणि रायफल सुटली. गोळी मध्येच एका दगडाला लागली. दगडाची कपची उडून वरंब्यावरून थेट खड्ड्यात गेली. आतून आबांचा आवाज आला. ते वर आले तेव्हा त्यांच्या भुवईतून रक्त वाहत होतं, डोळा थोडक्यात वाचला होता.

मी रायफल ठेवून पळत सुटायच्या आधीच पुतण्या ओरडला, “बोट लागलं! पोरीचं बोट लागलं!”

साहेब म्हणाले, “घाबरली. म्हणून मी म्हणत होतो, पोरींचं हे काम नव्हं. सख्ख्या बापाचा जीव घेतला असतास की गं.”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात आबा आले. रक्तानं अर्धा चेहरा भरलेला. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. साहेबांपुढं हात जोडले.

“साहेब, पोरीची चूक झाली. पदरात घ्या.”

सगळ्या जगानं म्हटलं असतं तरी चाललं असतं, आबांनी म्हणायला नको होतं. त्यांनीही तेच मानलं असेल, तर माझी बाजू ऐकायला कोण उरलं? मी रायफल उचलली, रिकामी केली, सगळ्यांना रिकामी दाखवली. टरफल घातलं, बोल्ट बंद केला, दोन्ही हातांनी नळी धरून लाकडी दस्ता जमिनीवर टेकवला. आपटला नाही, टेकवला. आत खट् झालं, चाप आपोआप सुटला. पुन्हा केलं. पुन्हा खट्. मग फटीत काडी घालून आतला चीक बाहेर काढला आणि साहेबांपुढं धरला. पिवळा, काळा, चिकट. त्यात कुंकवाचा लाल रंग अजून ओळखू येत होता.

“हे बघा. ह्यानं सुटली. माझं बोट चापाला नव्हतं.”

सगळ्यांना कळलं होतं, मी तोंडं बघत होते. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “ह्यांना आपले देव चालत न्हायती. म्हणून पूजेवर खापर.”

झालं. त्या एका वाक्यानं सगळ्यांची सुटका झाली. आता तो चापाचा प्रश्न राहिला नाही, माझा झाला. मी तेलाबद्दल बोलत होते, देवाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. पण ऐकणाऱ्यांना तेच ऐकायचं होतं. साहेबांनी त्या काडीकडं बघितलं, नजर फिरवली आणि म्हणाले, “विषय संपला. उद्यापासून पोरीनं रेंजवर यायचं न्हाय. आबा, तुम्ही दवाखान्यात जाऊन या.”

घरी आल्यावर मी आबांवर तुटून पडले. आई भुवईवर पट्टी बांधत होती, ती गप्प करायला लागली, मी ऐकलं नाही.

“तुमाला बी वाटतं का म्या बोट लावलं म्हणून? इतकी वर्सं खड्ड्यात बसून माझ्या गोळ्या मोजता तुमी!”

आबा म्हणाले, “नेम धरल्याबिगर तुजं बोट चापाला जात न्हाय. तू वढला असतास तर गोळी काळ्यात लागली असती. मातीत गेली तवाच म्या वळखलं, ही तुझी न्हाय.”

मी खाली बसले. “मग हात का जोडले?”

“मी बोललो असतो तर त्यांनी जे तुला ऐकवलं, ते समद्या वाड्याला ऐकवलं असतं. आन मला तितंच काम करायचं हाय, बाय.”

पुढच्याच आठवड्यात पुतण्यानं गुपचूप हलका चाप काढला आणि जुना जड चाप परत बसवला. आबांनीच सांगितलं. माझं बोट लागलं होतं, तर चाप का बदलला? हे मी कुणाला विचारायचं होतं? रेंजवरची माझी जागा त्यानं घेतली, त्याच रायफलीनं. मला कुणी परत बोलावलं नाही.

‘ही तुझी न्हाय.’ एवढंच मला हवं होतं, आणि ते रेंजवर, सगळ्यांदेखत हवं होतं. ते मला चुलीपुढं मिळालं, आई सोडून ऐकायला कुणी नसताना. आबांवर रागवावं तर त्यांची भुवई दिसायची. साहेबांवर रागवावं तर ते समोर यायचे नाहीत. गोळी सुटली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आबा भुवईची पट्टी टोपीखाली दाबून, डबा घेऊन, त्याच खड्ड्यात बसायला गेले.