पहिलीच्या मॅडम

चंद्रकला गजभिये यांनी एकोणतीस वर्षं फक्त पहिलीचा वर्ग घेतला. मध्य प्रदेशातल्या सौंसरहून सकाळच्या बसनं रामाकोन्याजवळच्या एका गावात जायचं, संध्याकाळी परत यायचं. लग्न केलं नाही. रिटायर होऊन चार वर्षं झाली. आता दोन खोल्यांच्या घरात त्या एकट्याच असतात.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंदा त्या बस स्टँडजवळच्या ऑनलाइनच्या दुकानात गेल्या. दुकानदार पंचवीस-सव्वीसचा होता. कागद वाचताना त्याचे ओठ हलत होते. ते पाहून चंद्रकलाबाईंनी निरखून पाहिलं. हनुवटीवरची खूणही तीच.

प्रवीण. शाळेच्या गावातल्या उत्तमचा मुलगा.

पहिलीत हा दिवाळीपर्यंत एक शब्द बोलला नव्हता. पुस्तक हिंदी, घरची बोली मराठी. पहिल्याच पानावर ‘नल’ आणि त्याचं चित्र. गावात नळच नव्हता, हापसी होती. पोरगं चित्राकडे नुसतं बघत राहायचं. मग बाईंनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि त्याच्या ओळखीचे, बिनमात्रांचे शब्द निवडले. घर. कप. बस. जेवणाच्या सुटीत त्याला जवळ बसवून पाटीवर त्याचं बोट धरून गिरवून घ्यायचं. ‘ब’ आणि ‘व’ची गडबड सुटायलाच महिना गेला. जानेवारीत एका संध्याकाळी बाईंची बस येऊन थांबली. मागच्या काचेवर तिचं नाव होतं. प्रवीण रस्त्यात उभा राहून ओरडला, “क... म... ल. कमल! ब... स. बस!” त्या दिवशी बाईंनी ती बस सोडून दिली. तासभर तो शाळेच्या भिंती वाचत फिरला आणि त्या त्याच्या मागे मागे.

“मावशी, बोट मशीनवर दाबून ठेवा,” दुकानातला प्रवीण म्हणाला.

“तू उत्तमचा पोरगा ना? मी तुमच्या शाळेत होती.”

“हायस्कूलले?”

“नाही रे. पहिलीले.”

तो हसला. “पहिलीचं काय आठवते, मावशी! आमचे दहावीचे सर आठवतात, त्यायच्या तर पाया पडतो आजही. वाचणं मले आपोआपच आलं. बाबा अजून सांगून राहिले सगळ्यायले, पोरगा पहिल्यापासूनच हुशार होता.”

चंद्रकलाबाईंना पाटी, कमल बस, सगळं सांगावंसं वाटलं. मागे तीन माणसं उभी होती.

“होताच तू हुशार,” त्या म्हणाल्या आणि दाखला घेऊन निघाल्या.

घरी येऊन त्यांनी चपलाही काढल्या नाहीत, खुर्चीवर बसून राहिल्या. राग येत नव्हता. बऱ्याच वेळानं त्यांनी नागपूरला मोठ्या भावाला फोन लावला.

“दादा, पहिलीत मले कोण होतं गा शिकवायले?”

“आता हे काय मधातच?” भाऊ म्हणाला. “एक बाई होत्या. उंच होत्या. पांढुर्ण्याहून येत. नाव काही येऊन नाही राहिलं.”

“मलेही नाही येत.”

“बरी आहेस ना तू?”

“बरी आहो.”

फोन ठेवून त्यांनी तीन-चार नावं मोठ्यानं म्हणून पाहिली. एकही त्या बाईंचं वाटलं नाही. चेहराही आठवेना. बाहेर अंधारून आलं होतं. त्यांनी दिवा लावला आणि एकाच भाकरीपुरतं पीठ परातीत घेतलं.