दादाचा नापास फोटो

चहा घ्या आधी. आता जो घोळ सांगतो तो सगळा माझा एकट्याचा, त्यात दुसऱ्या कुणाचा हात नाही. हसू आलं तर हसा. दादा असता तर सगळ्यात आधी तोच हसला असता.

माझी खोड तुम्हाला माहीत आहे. समोरच्याचं बोलणं अर्धं झालं की माझे पाय चालायला लागतात. आठवीत शाळा अशीच सुटली. गुरुजी काहीतरी सांगतच होते.

तर दादाच्या आतड्याला भोक पडलं. मंठ्याहून त्याला जालन्याला नेलं, एका दवाखान्यात सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं. सहाव्या दिवशी टाके पिकले. पट्टी सोडली की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा तोंड फिरवायचा. डॉक्टर म्हणाले, पोट पुन्हा उघडून साफ करावं लागेल, आणि जल्दी करावं लागेल.

"मंग करा की," मी म्हणालो.

"योजनेच्या खिडकीवर जा. मंजुरी आणा."

खिडकीवरच्या मॅडमनी नीट समजावलं. "भाऊ, पहिल्या ऑपरेशनचा कोड संपला. जखम पिकली, तिचा कोड वेगळा. तो टाकल्याशिवाय मंजुरी येत नाही."

हे मला बराबर समजलं. आम्ही दोघं भाऊ सेंट्रिंगच्या कामावर. स्लॅबचा ठेका वेगळा आणि स्लॅब गळला तर दुरुस्तीचा वेगळा. "टाका मॅडम कोड," मी म्हणालो.

"त्याला पेशंटचा आजचा फोटो लागतो. माझ्या मोबाईलवर पाठवा. चेहरा दिसला पाहिजे, आणि..."

आणि काय, ते ऐकायला मी कुठं होतो? मी जिन्यात.

आता तुम्हीच सांगा, सरकारला फोटो द्यायचा म्हणजे आपण कसा देतो? रेशन कार्डाच्या वेळी आई नवं लुगडं नेसून गेल्ती. आधारला वहिनीनं पावडर लावली होती. मग दादाचा तसाच, दाढी वाढलेला पाठवू?

खालून ब्लेड आणि साबण आणला. सिस्टर जेवायला गेल्याबरोबर दादाची दाढी करायला बसलो.

"लहान्या, नवरदेव करून राह्यला का मला?"

"सरकार बघणार आहे तुला."

"मंग सरकारला म्हणावं, पोट सोडलं तर बाकी माणूस बिलकुल चांगला आहे."

डोक्याला तेल चोपडलं. माझा पांढरा शर्ट त्याच्या अंगात घातला. पट्टी वाईट दिसत होती, म्हणून चादर छातीपर्यंत ओढली. निजलेल्या माणसाचा फोटो चालत नसेल, म्हणून त्याला उशीला टेकवून बसवलं.

"टाके ओढून राह्यले रे."

"दोनच मिनिटं दादा. हास जरा."

हसला. माझ्यासाठी हसला.

तरी फोटोत तोंड सुकलेलं दिसत होतं. मी गेलो जालन्यातच मस्तगडला, ओळखीच्या स्टुडिओत. तिथल्या पोरानं कॉम्प्युटरवर मागचा वॉर्ड पुसून निळा पडदा टाकला. सलाईनची नळी काढून टाकली.

"गाल भरू का थोडे?" त्यानं विचारलं.

"भर. कंजूषपणा करू नको."

डोळ्याखालचं काळं गेलं, चेहरा उजळला. आठ दिवसांत मला पहिल्यांदा माझा दादा दिसला. लगेच मॅडमला पाठवला. खिडकीवर एवढी गर्दी होती की त्यांनी तो न बघताच पुढं चढवला.

संध्याकाळी मॅडमनी मला आत बोलावलं. स्क्रीनवर दादा, निळ्या पडद्यापुढं हसतोय. खाली लाल अक्षरात नकार. त्यांनी मला वाचून दाखवला: रुग्णाची प्रकृती चांगली दिसते, गुंतागुंत आढळत नाही.

"भाऊ, हे काय पाठवलं तुम्ही?"

"फोटो. तुम्हीच म्हणला की."

"जखमेचा! पट्टी सोडून, टाके दिसतील असा. आणि त्यात चेहराही दिसला पाहिजे, म्हणजे पेशंट तोच आहे हे कळतं. मी सांगतच होते, तुम्ही पळालात."

वर जाऊन दादाला सांगितलं. मला वाटलं शिव्या देईल. तो पोट धरून म्हणाला, "एवढा चांगला दिसतो का मी? मंग घरी सोडा म्हणावं की." हसताना त्याला कळ आली. ती कळ कितीतरी वेळ गेली नाही.

मग सिस्टरनं पट्टी सोडली आणि मी खरा फोटो काढला. तीनदा काढला. तो कसा होता ते सांगत नाही. चहा प्या तुम्ही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोड मंजूर झाला. पोट उघडलं, साफ केलं. चार दिवसांनी दादा गेला.

मी डॉक्टरांना विचारलं, "तो एक दिवस माझ्यामुळं गेला. त्याच्यानं काही...?"

"नाही, नाही. विष आधीच रक्तात उतरलं होतं," ते म्हणाले. पण म्हणताना ते फाइलकडं बघत होते.

दादाच्या मागं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला, त्याला फोटो लागला, तर घरात त्याचा एकही धड फोटो नाही. सगळ्यात तो कुठंतरी स्लॅबवर, तोंडाला सिमेंट लागलेला. शेवटी स्टुडिओतल्या पोराकडून तोच आणला. मोठा करून, काच लावून.

आता तो समोरच्या भिंतीवर आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी फोटोकडं बघतो आणि म्हणतो, "तब्येत तर चांगली होती हो. मंग एकदम असं काय झालं?" वहिनी उठून चुलीकडं जाते. मी तिथंच बसतो. फोटो कुणी काढला, कधी काढला, सगळं विचारतात लोक, गाल किती भरलेले आहेत म्हणतात. मी कुणाचंच बोलणं अर्ध्यावर सोडून उठत नाही.

हल्ली मी शेवटपर्यंत ऐकतो.